खाते उघडायला एक चहा, बंद करायला 107 दिवस : गोव्यातील बँकांना खुले पत्र

प्रति,
गोवा राज्यात चालू खाती चालवणाऱ्या सर्व सरकारी, खासगी आणि सहकारी बँकांचे व्यवस्थापन

विषय : चालू खाते एका बँकेतून दुसऱ्या बँकेत नेताना लहान व्यावसायिकांची होणारी अडवणूक

महोदय,

मी सत्तरी तालुक्यात काजूबियांवर प्रक्रिया करणारा छोटा कारखाना चालवतो. बिया उकडणे, फोडणे, बोर्म्यात, म्हणजे गरम हवेच्या भट्टीत, वाळवणे, साल काढणे आणि प्रतवारी लावणे ही सगळी कामे एकाच छपराखाली होतात आणि त्यांवर अकरा बायकांची व दोन पुरुषांची घरे चालतात. या धंद्याचे चालू खाते 19 वर्षे एकाच बँकेत होते. यंदा ते मी दुसऱ्या बँकेत नेले. नव्या बँकेचा माणूस अर्ज घ्यायला कारखान्यावर आला होता आणि चहा होईपर्यंत त्याचे काम उरकले होते. जुने खाते बंद करण्याच्या माझ्या अर्जावर मात्र 17 फेब्रुवारीचा शिक्का आहे आणि खाते बंद झाल्याचा संदेश मोबाईलवर आला तो 4 जूनला. मधले 107 दिवस कसे गेले ते जाहीरपणे सांगावे असे वाटले, म्हणून हे पत्र.

जुन्या बँकेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. वाळपई, होंडा आणि साखळी इथल्या ओळखीच्या व्यापाऱ्यांपाशी विषय काढला तेव्हा बहुतेकांनी अशीच हकिकत सांगितली आणि त्यांच्या बँका वेगवेगळ्या निघाल्या. शाखेतल्या कर्मचाऱ्यांवरही माझा राग नाही. तिघांच्या टेबलांचे काम एकटी ओढणारी मुलगी मी तिथे डोळ्यांनी पाहिली आहे. नियम आणि फॉर्म त्या मुलीने ठरवलेले नाहीत, ते तुम्ही ठरवता.

बँक का सोडली, हेही सांगतो, कारण शाखेत मला तो प्रश्न चार वेळा विचारला गेला. आमच्या जवळची शाखा दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या शाखेत विलीन झाली आणि 14 किलोमीटर लांब गेली. खात्यातली किमान सरासरी शिल्लक दहा हजारांवरून पंचवीस हजारांवर नेली गेली. चालू खात्यावर व्याज द्यायचे नाही हा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे आणि त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण जो माणूस वर्षानुवर्षे तुम्हाला बिनव्याजी पैसा वापरायला देतो, त्याने रोख भरण्यासाठी अर्धा दिवस मोडावा ही अपेक्षा जरा जास्तच होते. शिवाय गोव्यातल्या माणसाला बँक बदलण्याची मोकळीक ही चैन वाटत नाही. 2020 आणि 2021 या लागोपाठच्या दोन वर्षांत इथल्या दोन नागरी सहकारी बँकांचे परवाने रिझर्व्ह बँकेने रद्द केले, आणि त्याआधीच्या निर्बंधांच्या काळात स्वतःचेच पैसे काढता न आलेली माणसे आमच्या नात्यागोत्यांत आहेत. वेळ आली तर पैसा सुखरूप दुसरीकडे नेता यावा, एवढे तरी खातेदाराच्या हातात असले पाहिजे.

आता तक्रारी, घडल्या त्या क्रमाने.

पहिली तक्रार अर्ज घेण्याच्या पद्धतीबद्दल. पैसे भरायला तुमची कोणतीही शाखा चालते, खाते बंद करायला मात्र मूळ शाखेतच, आणि तेही व्यवस्थापक जागेवर असतील त्याच दिवशी यावे लागते. माझा अर्ज दोनदा परत आला. पहिल्यांदा फर्मचा रबरी शिक्का पुसट उमटला म्हणून. दुसऱ्यांदा, न वापरलेले चेक परत करताना एक चेक कमी भरला म्हणून. तो चेक 2016 साली आकडा चुकल्यामुळे मीच फाडला होता. चेकबुकाचे जुने अर्धुक माझ्या कपाटात होते, त्यावर माझ्याच अक्षरात 'रद्द' लिहिलेले होते, ते नेऊन दाखवले. तरी मुद्रांक कागदावर प्रतिज्ञापत्र आणा असे सांगण्यात आले. चेकची मुदत 2012 पासून तीन महिन्यांवर आलेली आहे. दहा वर्षांपूर्वी फाडलेल्या कोऱ्या चेकसाठी नोटरीकडे जाणारा माणूस काय मनात म्हणत असेल, ते इथे लिहिण्यासारखे नाही. 7 एप्रिलला अर्ज एकदाचा 'पूर्ण' ठरला.

दुसरी तक्रार सर्वांत मोठी आहे. काजूचा हंगाम साधारण मार्च ते मे असतो. वर्षभर कारखाना चालवायला लागणाऱ्या बिया या तीन महिन्यांतच घ्याव्या लागतात, त्यामुळे एरवी जे खाते संथ चालते ते या दिवसांत रोज पाच-दहा वेळा हलते. 9 एप्रिलला सकाळी नगरगावच्या बाजूची एक वयस्कर बाई दोन पोती बिया घेऊन बसने आली. तिच्या यजमानांच्या वेळेपासून त्यांचा माल आमच्याकडे येतो. वजन झाले 96 किलो, रक्कम झाली 14,400 रुपये. दरवर्षीप्रमाणे तिच्या मुलाच्या खात्यावर पैसे पाठवायला गेलो तर व्यवहार नाकारला गेला. दुसऱ्यांदा नाकारला गेला. शाखेत फोन लावला तेव्हा कळले की, खाते बंद करण्याची प्रक्रिया सुरू झाल्यामुळे त्यातून पैसे बाहेर जाणे आदल्या संध्याकाळपासून थांबवले आहे. मला ना पत्र आले होते ना फोन. खात्यात त्या वेळी तीन लाख बारा हजार रुपये होते. नव्या खात्यात मी जेमतेम खाते उघडण्यापुरती रक्कम ठेवली होती, कारण जुने खाते अमुक दिवशी बंद होईल असे सांगतील आणि त्या दिवशी सगळे वळवू, असा माझा भाबडा हिशेब होता.

ती बाई काट्याशेजारच्या पाटावर बसून होती. मी बँकेची अडचण सांगितली तेव्हा ती एवढेच म्हणाली, ''म्हाका रोखच दी, बँकेंत वचपाक म्हजो दीस वता.'' (मला रोखच दे, बँकेत जायला माझा दिवस जातो.) शेजारच्या हार्डवेअरवाल्याकडून हातउसने घेऊन तिला पैसे दिले आणि साडेबाराच्या बसला बसवून दिले. त्या दिवशी आणखी चौघे आले. त्यांतल्या दोघांनी माल परत नेला. ते कुणाकडे गेले ते मला ठाऊक आहे, आणि पुढच्या हंगामातही ते तिकडेच जातील हेही मला ठाऊक आहे.

पुढचे 56 दिवस त्या खात्यात पैसा आत येत होता, पण बाहेर जात नव्हता. म्हापशाच्या आणि कळंगुटच्या दुकानदारांची येणी सवयीने तिथेच जमा होत राहिली आणि शिल्लक चार लाख शहाऐंशी हजारांवर गेली. शेतकऱ्याकडून न सोललेल्या काजूबिया घेतल्या की त्यांवरचा जीएसटी आम्हा खरेदीदारांनाच भरावा लागतो. महिन्याच्या 20 तारखेची मुदत चुकली तर वर्षाला 18 टक्के दराने व्याज लागते. त्या महिन्याचे चलन बायकोच्या बचत खात्यातून भरून मी निभावून नेले. अकरा बायकांचा पगार मात्र चार दिवस उशिरा झाला. असे आमच्याकडे एकोणीस वर्षांत फक्त कोविडच्या टाळेबंदीत झाले होते.

तिसरी तक्रार आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांची. टेम्पोचा हप्ता, विम्याचा हप्ता आणि क्यूआर कोडच्या साउंडबॉक्सचे भाडे माझ्या खात्यातून परस्पर जात होते. अशा प्रत्येक मॅन्डेटला, म्हणजे परस्पर रक्कम कापण्याच्या परवानगीला, स्वतंत्र क्रमांक असतो आणि त्यांची नोंद तुमच्या संगणकात असते. मी यादी मागितली तेव्हा 'पासबुक बघून काढा' असे उत्तर मिळाले. वर्षातून एकदाच कापला जाणारा विम्याचा हप्ता पासबुकाच्या कितव्या पानावर शोधायचा? टेम्पोचा हप्ता 10 एप्रिलला परत गेला. नवे मॅन्डेट मंजूर होईपर्यंत महिना उलटला आणि मे महिन्याचाही परत गेला. खात्यात रक्कम पुरेशी होती, ती अडवली होती बँकेने, आणि हप्ता परत गेल्याचा दंड माझ्याकडून वसूल केला तोही बँकेनेच : प्रत्येक वेळी 590 रुपये, जीएसटीसह. फायनान्स कंपनीने आपला दंड वेगळा लावला. तिची मात्र मी तक्रार करणार नाही; तिला हप्ता मिळाला नव्हता, हे खरेच होते.

पुढच्या तारखांच्या चेकांच्या बाबतीत तर मी नशिबाने वाचलो. डबे आणि पिशव्या पुरवणाऱ्या व्यापाऱ्याकडे माझे तीन चेक होते. ओळखीचा असल्याने त्याने ते परत दिले आणि नवे घेतले. अनोळखी असता तर? 'खाते बंद' अशा शेऱ्याने परत आलेला चेकही चेक न वटण्याबद्दलच्या कलम 138 खालचा गुन्हा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 सालीच स्पष्ट केले आहे. म्हणजे बँक बदलणाऱ्याने आधी दिलेला प्रत्येक चेक स्वतः आठवायचा, शोधायचा आणि परत आणायचा. विसरला तर कोर्टाची पायरी.

चौथी तक्रार थोडी सविस्तर मांडतो, कारण शाखेत ती कुणालाच नीट समजली नाही. नवा खाते क्रमांक मी माझ्या 34 गिऱ्हाइकांना पत्राने आणि ईमेलने कळवला. 'आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे रक्कम खालील क्रमांकावर पाठवावी' हे वाक्य आज सायबर भामट्यांच्या आवडीचे वाक्य आहे. पुरवठादाराच्या नावाने असा खोटा ईमेल यायचा आणि दुकानदाराने लाखो रुपये भलत्याच खात्यात टाकायचे, ही फसवणूक आता नवी राहिलेली नाही. म्हणून म्हापशाच्या एका दुकानाच्या हिशेबनीसाने मला फोन करून आधी माझा आवाज ओळखला, मग गेल्या दिवाळीत किती किलो 320 नंबरच्या प्रतीचा काजूगर पाठवला होता ते विचारले आणि तरीही बँकेचे पत्र मागितले. त्याचे वागणे योग्यच होते. मीही तेच केले असते. पण 'या खातेदाराने आपले खाते अमुक बँकेत नेले आहे' असे दोन ओळींचे पत्र द्यायला जुन्या बँकेने नकार दिला, कारण तसा नमुना त्यांच्याकडे नव्हता. नव्या बँकेने रद्द केलेला चेक पुढे केला, पण चेकवरून खाते माझे आहे एवढेच कळते, ते का बदलले हे कळत नाही. सात गिऱ्हाइकांनी 4 जूननंतरही जुन्या खात्यावरच पैसे पाठवले. ते परत गेले आणि 'पैसे परत का आले' या प्रश्नाचे उत्तर देण्यात माझा आठवडा गेला. बाजारात असा प्रश्न विचारला जाणे हेच नुकसान असते.

माझा भाचा इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो. आपल्या गोव्याची पुष्कळ माणसे तिथे आहेत. त्याला हे सांगितले तर तो हसला. तिथे सप्टेंबर 2013 पासून चालू खाते बदलण्याची एक सामाईक सेवा आहे. अर्ज फक्त नव्या बँकेत करायचा. सात कामकाजाच्या दिवसांत शिल्लक, ठरलेली देणी आणि येणी असे सगळे नवी बँकच हलवते, जुने खाते तीच बंद करून घेते, आणि जुन्या क्रमांकावर चुकून आलेला पैसा पुढे किमान तीन वर्षे नव्या खात्याकडे वळवला जातो. खाते हलवताना काही चूक झाली आणि त्यापायी दंड किंवा व्याज पडले तर त्याची भरपाई बँकेने करायची. माझ्या कारखान्याएवढ्या लहान धंद्यांनाही ती सेवा मिळते. आपल्याकडे मोबाईलचा नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय जानेवारी 2011 मध्ये देशभर झाली. खाते क्रमांकाचेही तसेच व्हावे, असे रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर एस. एस. मुंद्रा 2017 मध्येच बोलले होते.

यावर 'तांत्रिकदृष्ट्या आपल्याकडे ते कठीण आहे' असे उत्तर मला एका अधिकाऱ्याने दिले. मला ते पटत नाही आणि त्याला कारण आहे. 1 एप्रिल 2020 रोजी सरकारी बँकांचे मोठे विलीनीकरण झाले. गोव्यात गावोगावी शाखा असलेल्या सिंडिकेट बँकेची खाती कॅनरा बँकेत आणि कॉर्पोरेशन बँकेची युनियन बँकेत गेली. त्या वेळी खातेदाराला शिल्लक काढून घ्या, फॉर्म भरा, फाडलेल्या चेकचे प्रतिज्ञापत्र आणा, असे कुणी सांगितले नाही. खाती जशीच्या तशी हलली. सिंडिकेट बँकेचे जुने आयएफएससी (शाखा ओळखण्याचे) क्रमांक 30 जून 2021 पर्यंत, म्हणजे विलीनीकरणानंतर वर्षभराहून अधिक काळ, चालू ठेवण्यात आले. बँकांना गरज होती तेव्हा लाखो खाती एका नावाखालून दुसऱ्या नावाखाली गेली आणि जुन्या पत्त्यावर आलेला पैसा नव्या पत्त्यावर पोचत राहिला. तेच काम एका खातेदाराने स्वतःच्या मर्जीने मागितले की ते अशक्य कसे होते?

पाचवी तक्रार लहान आहे आणि ती नव्या बँकेचीही आहे. त्यांच्या माणसाने आधी जुन्या बँकेचे 'ना हरकत पत्र' मागितले आणि 2020 च्या नियमाचा हवाला दिला. ऑगस्ट 2020 च्या त्या परिपत्रकाने निर्बंध घातले ते बँकेचे कर्ज घेतलेल्यांच्या चालू खात्यांवर, कर्जाची रक्कम दुसऱ्या बँकेतून फिरवली जाऊ नये म्हणून. माझ्यावर कोणत्याही बँकेचे कर्ज नाही. आणि असते तरी 29 ऑक्टोबर 2021 च्या परिपत्रकाने पाच कोटींहून कमी कर्ज असलेल्यांना हमीपत्रावर खाते उघडण्याची मोकळीक दिली होती. केवायसीचे, म्हणजे ओळख पटवण्याच्या कागदपत्रांचेही तसेच. केंद्रीय नोंदणीत माझा 14 अंकी केवायसी क्रमांक असताना आधार, पॅन, पंचायतीचा परवाना आणि जीएसटी प्रमाणपत्र यांच्या प्रती मी तीन वेळा सही करून दिल्या.

25 एप्रिलला मी बँकेकडे लेखी तक्रार केली. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेल्या उत्तराने समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, हे तुम्हालाही माहीत आहे. मला उत्तर आले बरोबर एकोणतिसाव्या दिवशी, 24 मे रोजी : 'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.' त्या दिवशी खाते बंद झालेले नव्हते आणि त्यातला एक रुपयाही मला मिळालेला नव्हता.

खाते बंद करताना बँकेने काळजी घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. अर्ज खऱ्या मालकाचाच आहे ना, पैसा गैरमार्गाचा नाही ना, कुणाची जप्ती नाही ना, हे पाहिलेच पाहिजे. पण यांतले काहीही माझ्या बाबतीत कुणी विचारले नाही. विचारले ते शिक्क्याबद्दल.

माझ्या मागण्या अशा आहेत.

खाते बंद करण्याचा अर्ज कोणत्याही शाखेत स्वीकारावा, त्रुटी असतील तर त्या सगळ्या एकाच वेळी लेखी सांगाव्यात आणि पूर्ण अर्जाचा निकाल सात कामकाजाच्या दिवसांत लावावा. खात्यातून पैसे जाणे थांबवायचे ते खातेदाराने अर्जात लिहिलेल्या तारखेलाच. त्याआधी थांबवायचे असेल तर कारण लेखी कळवावे. अर्जासोबत खात्यावरच्या सर्व मॅन्डेटची आणि कायम सूचनांची छापील यादी खातेदाराच्या हातात द्यावी. आधी दिलेल्या चेकांपुरती रक्कम बाजूला ठेवून ते चेक मुदतीत वटवण्याची सोय खातेदाराला मागता यावी. खाते बदलल्याचे पत्र बँकेच्या शिक्क्यानिशी मिळावे. दोन ओळींच्या या कागदाने फसवणुकीचीही थोडीफार वाट बंद होईल. आणि जुन्या क्रमांकावर येणारा पैसा किमान वर्षभर नव्या खात्याकडे वळवण्याची व्यवस्था सर्व बँकांनी मिळून उभी करावी. ही शेवटची मागणी एका दिवसात होणारी नाही, हे मला समजते. बाकीच्या पाच मागण्यांसाठी एकाही नव्या यंत्राची गरज नाही.

राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी विनंती मी स्वतंत्र पत्राने करत आहे. तिथे बोलावले तर माझी फाईल घेऊन पणजीला यायची माझी तयारी आहे. फक्त मार्च ते मे सोडून.

आणि माझ्या जुन्या बँकेला, जिला हे पत्र आपल्यासाठी आहे हे वाचताच कळेल, एवढेच : हप्ते परत गेल्याबद्दल कापलेले 1,180 रुपये अजून मिळालेले नाहीत. ते माझ्या नव्या खात्यात जमा करावेत. खाते क्रमांक 17 फेब्रुवारीच्या अर्जाच्या दुसऱ्या पानावर आहे.

आपला,
सत्तरी तालुक्यातील एक काजू कारखानदार